विद्यार्थ्यांची शॉर्टफिल्म आणि दृश्यांची आखणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मास मीडिया, जर्नालिझम, फाइन आर्ट, कुठलाही कोर्स असो, शेवटच्या वर्षाला शॉर्टफिल्म येतेच आणि तिच्याबरोबर तेच ते प्रश्नही येतात. खालची उत्तरं एका ठरावीक परिस्थितीसाठी आहेत: आठ-दहा मिनिटांची फिल्म, दोन दिवसांचं शूट, पाच-सहा मित्रमैत्रिणींचं युनिट, फोन किंवा कॉलेजचा कॅमेरा आणि खिशात फारसं काही नाही.

उदाहरण म्हणून एक छोटी गोष्ट मनात धरू. चाळीतली दोन खोल्यांची जागा. बारावीचा निकाल लागलाय. नात आजीला सांगायला आलीय, पण सांगत नाही. मग लाइट जाते.

स्क्रिप्ट तयार आहे. आधी स्टोरीबोर्ड (शॉटची ओळीने काढलेली चित्रं) करायचा की लोकेशन शोधायचं?

लोकेशन. स्क्रिप्टमध्ये 'जुना वाडा' असतो आणि प्रत्यक्षात हातात येतो मित्राच्या मावशीचा कोथरूडमधला टू बीएचके. मनातल्या वाड्यासाठी काढलेला स्टोरीबोर्ड त्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर पहिल्या तासात रद्दी होतो. जागा बघा, मग गोष्ट त्या जागेप्रमाणे थोडी वाकवा, मग चित्रं काढा. विद्यार्थ्यांच्या फिल्मचा चेहरामोहरा कॅमेऱ्यापेक्षा भिंत, खिडकी आणि घड्याळ ठरवतं. या तिन्ही गोष्टी फुकट असतात, म्हणूनच बहुतेक त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिली अट: ज्या वेळेला शूट आहे त्याच वेळेला जा. सकाळी अकराला बघितलेली खोली संध्याकाळी साडेपाचला ओळखू येत नाही.

खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते फोनमधल्या होकायंत्रावर बघून लिहून ठेवा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ऊन आत येईल आणि दुपारनंतर नुसता मऊ उजेड राहील. उत्तरेच्या खिडकीत बराच वेळ एकसारखा उजेड मिळतो, त्यामुळे लांबलचक संवादाचा सीन तिथे ठेवावा.

मग कॅमेरा मागे किती सरकतो ते बघा. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट असलं की मागे जायला जेमतेम सहा-सात फूट उरतात. तेवढ्या जागेत सगळं बसवण्यासाठी वाइड लेन्स लावली आणि माणूस जवळ आला, तर नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. त्यापेक्षा ट्रायपॉड गॅलरीत ठेवा आणि दारातून आत बघा. चौकटीमुळे फ्रेम आपोआप बांधली जाते आणि लांबची लेन्सही वापरता येते. चाळीत शूट करणाऱ्याला दार आणि गॅलरी ही देणगीच आहे.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा किंवा निदान कुठला महिना आहे ते बघा. निकाल लागतो मे महिन्यात आणि पान असतं डिसेंबरचं, हे परीक्षकांच्या बरोबर लक्षात येतं.

आणि वायरिंग. १००० वॉटचा एक दिवा आपल्या २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपियर ओढतो. जुन्या चाळीतल्या साध्या पाच अँपियरच्या पॉइंटवर असे दोन दिवे लावले की गोष्टीतली लाइट जायच्या आधी खरीच जाते. एलईडी दिवे घ्या किंवा गिझरचा पंधरा अँपियरचा पॉइंट कुठे आहे ते विचारा. शेजाऱ्यांच्या कुकरची आणि जवळच्या देवळातल्या आरतीची वेळही विचारून ठेवा. तो प्रश्न आवाजाचा असला, तरी शॉट वाया गेला की तो सगळ्यांचाच होतो.

संध्याकाळचा सोनेरी उजेड किती वेळ मिळतो?

बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून वाटतं त्यापेक्षा कमी. आपल्याकडे सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो. त्यामुळे तिरपं, कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास आणि सूर्यास्तानंतरचा निळसर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटं, एवढंच धरून चाला. पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या शेवटी सव्वासातच्या आसपास. डोंगराच्या किंवा उंच इमारतीच्या आड तो आणखी आधी जातो.

म्हणजे चार पानांचा संवाद 'संध्याकाळ' म्हणून लिहिला असेल, तर तो एका संध्याकाळी होणार नाही. बाहेरचे दोन शॉट खऱ्या संधिप्रकाशात घ्या आणि आतला भाग पडदे लावून दुपारी करा. आमच्या गोष्टीत उंबऱ्यातली मुलगी आणि तिच्यामागची गॅलरी एवढंच खऱ्या संध्याकाळी लागतं. आजीच्या हातांचा आणि चेहऱ्याचा शॉट दुपारी होऊ शकतो.

शॉट डिव्हिजन, म्हणजे सीनची शॉटमध्ये विभागणी, कसं करायचं? प्रत्येक वाक्याला एक शॉट?

तसं केलं तर दुपारी तीनलाच युनिट थकेल. शॉट डिव्हिजनच्या तक्त्यात शॉट नंबर, साइज, अँगल, हालचाल, कृती, प्रॉप हे रकाने सगळेच करतात. त्यात शेवटी एक रकाना वाढवा: 'का?'. या शॉटमधून प्रेक्षकाला आधीच्या शॉटपेक्षा नवं काय कळतं, ते चार शब्दांत लिहा. लिहिता आलं नाही तर शॉट उडवा.

आमचाच सीन घेऊ. नात येते, आजी भाकरी थापतेय, नात सांगत नाही, लाइट जाते, नात सांगते. पहिल्या खर्ड्यात याचे सहज बारा शॉट होतात: दाराचा लाँग, मुलीचा मिड, आजीचा मिड, मुलीचा क्लोज, आजीचा सजेशन (मुलीच्या खांद्यावरून घेतलेला), पुन्हा मुलीचा क्लोज... 'का?' विचारत गेलं की पाच उरतात.

एक: कॅमेरा आत, ओट्याच्या उंचीवर. पुढे आजीची पाठ, मागे दाराची चौकट, त्यात मुलगी. गॅलरीतला उजेड मागून येतो म्हणून तिचा चेहरा दिसत नाही. ती चप्पल काढते, पण उंबरा ओलांडत नाही.

दोन: परातीतले आजीचे हात. पीठ, बांगड्या, थापण्याची लय. आजी मागे न बघता विचारते, "जेवलीस?"

तीन: पुन्हा पहिलीच फ्रेम, जराही न हलवता. मुलगी अजून तिथेच. हाच शॉट चालू असताना लाइट जाते. आत काळोख, बाहेर निळा उजेड. आता नुसती आकृती.

चार: मुलगी आत येते, कोनाड्यातली बॅटरी घेते आणि परातीवर धरते. इथे कॅमेरा पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला, म्हणजे आजीच्या समोर जातो. आजीचा चेहरा आत्ता दिसतो.

पाच: मुलीचा क्लोज. सबंध सीनमधला तिचा हा एकच क्लोज. ती सांगते.

पहिल्या दोन मिनिटांत चार क्लोज वापरून झाले असते, तर पाचव्या शॉटला काही जोर उरला नसता. क्लोजअप जितके कमी तितका एकेकाचा भाव वाढतो, असं माझं मत आहे. टीव्ही मालिका रोज याच्या उलट करतात, आणि आपल्या मुलांच्या डोळ्यांना सवय मालिकांचीच असते.

जाता जाता, दुसऱ्या शॉटबद्दल. आजीचं काम करणाऱ्या बाईंना भाकरी येते का, हे आधी विचारा. येत नसेल तर हातांचा शॉट वेगळा घ्या, कुणाच्या तरी आईचे हात वापरा, फक्त बांगड्या आणि पदराचा काठ तोच हवा. पीठ दहा टेकचं मळून ठेवावं लागतं. भाकरी फुगायला हवी असं स्क्रिप्टमध्ये लिहू नका. ती दिग्दर्शकाचं ऐकत नाही.

मला चित्र काढता येत नाही. स्टोरीबोर्ड एआयकडून करून घेऊ का?

काड्यांची माणसं काढा, पुरतात. स्टोरीबोर्डला माणूस कुठे उभा आहे, किती मोठा दिसतोय आणि कुठे बघतोय, एवढंच सांगायचं असतं.

याहून बरा मार्ग म्हणजे रेकीच्या दिवशी दोन मित्रांना पात्रांच्या जागी उभं करून फोनवर फोटो काढणं. ते ओळीने लावले की फोटोबोर्ड तयार होतो. चौकट खरी, खिडकी खरी, अडचणही खरी. एआय छान चित्र देतं, पण त्यातली चाळ तुमची नसते. छताची उंची दुप्पट असते आणि खिडकी नको तिथे असते. मग त्या चित्रासारखं का येत नाही म्हणून सेटवर वेळ जातो. मूड दाखवण्यापुरती अशी चित्रं वापरली तर हरकत नाही, पण स्पर्धेला पाठवणार असाल तर त्यांचे नियम आधी वाचा.

'ॲक्शन लाइन' तोडली तर चालते का?

चालते, पण कारण हवं. बोलणाऱ्या दोन माणसांमधून एक रेघ कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला की कोण कुणाकडे बघतंय हे कळत राहतं. वरच्या सीनमध्ये चौथ्या शॉटला बाजू बदलली आहे, कारण तिथेच दोघींमधलं काहीतरी बदलतं आणि मुलगी चालत आत आल्यामुळे जागेचा गोंधळही होत नाही. सेटवर शंका आली तर नियम पाळा.

रंगसंगती ठरवायची म्हणजे काय करायचं? पैसे तर नाहीत.

आधी काय काय काढता येईल ते बघा. फ्रेममधली लाल प्लॅस्टिकची बादली, निळी बॅरल, पोपटी उशी, मोबाइल कंपनीची पिशवी हलवली की निम्मं काम झालं. डोळा सगळ्यात चटक रंगाकडे आधी जातो. तो रंग पात्राच्या अंगावर नसून बादलीचा असेल, तर प्रेक्षक बादली बघतो.

मग भिंतीचा रंग धरून दोन-तीन रंग ठरवा. चाळीच्या खोल्यांमध्ये बऱ्याचदा खाली गडद आणि वर फिका असा हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असतो. तो कॅमेऱ्याला फार चांगला दिसतो, झाकू नका. पांढरी शुभ्र भिंत मात्र त्रास देते. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर तिला घाबरून सगळं चित्र काळं करतं आणि सावळ्या माणसाचा चेहरा आणखी बुडतो. अशा वेळी माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणा आणि मागे दोरीवर वाळत घातलेली साडी, लाकडी कपाट, काहीतरी मधल्या छटेचं येऊ द्या.

चेहरा उजळ दिसावा म्हणून पावडर थापणं किंवा फोनचं ब्यूटी मोड चालू ठेवणं कृपया बंद करा. उजेड नीट द्या, रंग आहे तोच राहू दे.

जुन्या वस्तूंसाठी पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईत चोरबाजार आहेच. पण त्याआधी आजूबाजूच्या घरांचे माळे बघा. तांब्याचा बंब, लोखंडी ट्रंक, जुना रेडिओ उसना मिळतो. परत करताना तो कुणाचा हे आठवावं म्हणून प्रत्येक वस्तूचा मालकाच्या दारात फोटो काढून ठेवा.

कपड्यांचं काय?

बारीक रेघांचे आणि बारीक चौकड्यांचे शर्ट टाळा, ते पडद्यावर थरथरतात. पांढराशुभ्र नको. प्रत्येक कपडा घालून त्याच खोलीत एक फोटो काढा. सलग सीन दोन दिवसांत विभागला असेल तर तो कपडा मधल्या रात्री कुणी धुवायचा नाही.

ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात पट्टे सरकतात. का?

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेमवर असतो आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ घ्यायचा ते) आपल्या मर्जीने बदलतो. दोघांचा ताल जुळत नाही. फ्रेमरेट २५ ठेवा आणि शटर १/५० सेकंदावर लॉक करा. २४ फ्रेमवर केलंत तरी शटर १/५० च. आयफोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय दिसत नसेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पाल' फॉरमॅट दाखवा असा पर्याय चालू करावा लागतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे आणि त्यात शटर, फोकस, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशेब) सगळं हाताने लॉक होतं. एवढं करूनही एखादा एलईडी पट्टे देतो. तो दिवा बदला, वाद घालू नका. आणि हे रेकीच्या दिवशीच तपासा.

खिडकीसमोर बसवलं की चेहरा काळा येतो किंवा खिडकी पांढरी फट्ट होते.

खिडकीसमोर बसवू नका, बाजूला बसवा. उजेड एका गालावर येईल. दुसऱ्या गालाच्या बाजूला पांढरी फोमशीट, थर्मोकोल किंवा दोघांनी ताणून धरलेली पांढरी चादर ठेवा. कमी सावली हवी तर जवळ आणा, जास्त हवी तर लांब न्या. याला पैसे लागत नाहीत, हात मात्र दुखतात.

खिडकी फ्रेममध्ये हवीच असेल तर बाहेरचा आणि आतला उजेड जवळ येण्याची वेळ पकडा, म्हणजे अगदी सकाळी किंवा संध्याकाळी. नाहीतर खिडकीला बाहेरून ट्रेसिंग पेपर लावा. बाहेरचं दृश्य जाईल, पण मऊ, सारखा उजेड मिळेल.

गोष्टीत काळोख आहे. दिसेल कसं?

काळोख दाखवायला थोडा उजेड लागतोच. फक्त तो कुठून येतोय हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे. गॅसची निळी ज्योत चेहरा उजळवण्याइतकी प्रखर नसते. म्हणून पातेल्यामागे छोटा एलईडी लपवा आणि अगदी मंद ठेवा. बॅटरीचा झोत थेट चेहऱ्यावर मारला तर भूतपट होईल. तोच परातीतल्या पिठावर पडला की पांढऱ्या पिठावरून परतलेला उजेड आजीच्या चेहऱ्यावर येतो. चौथ्या शॉटमध्ये बॅटरी परातीवर धरली आहे ती याचसाठी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवत नेऊन चित्रात मुंग्या आणण्यापेक्षा हे बरं.

पाऊस दाखवायचा आहे.

खरा पाऊस समोरून घेतला तर कॅमेऱ्यात जवळजवळ दिसत नाही. मागे गडद पार्श्वभूमी आणि पाण्याच्या पलीकडून येणारा उजेड असला की धारा चमकतात. ढग सरकले की उजेड बदलतो, सलग सीन जुळत नाही. म्हणून पत्र्याच्या पन्हळीतून पडणारी धार, ओली छत्री आणि भरपूर आवाज यांवर भागवता आलं तर बघा.

गिम्बल (कॅमेरा न हादरता धरणारा दांडा) घ्यावा का? आणि ड्रोन?

गिम्बल हातात आला की कॅमेरा उगाचच चालायला लागतो. पात्र चालत असेल तर कॅमेऱ्याने चालावं, नाहीतर ट्रायपॉड. ड्रोनच्या शॉटने सुरू होणाऱ्या विद्यार्थी फिल्म इतक्या झाल्या आहेत, की परीक्षक तेवढ्या वेळात पाणी पिऊन घेतात. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे, हिरवे विभाग आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नसला, तरी मनाई असलेल्या भागात तोही उडवता येत नाही. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय बेत करू नका. पुण्यात तर लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावरच आहे.

रंगाचं काय ते नंतर ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर कॉम्प्युटरवर रंग सुधारताना) बघू, असं कॅमेरामन म्हणतो.

त्याला भिंत दाखवा. दाव्हिंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती विद्यार्थ्यांच्या कामाला पुरेशी आहे, पण पिवळा बल्ब आणि खिडकीतला निळसर उजेड एकाच गालावर पडला असेल तर तीही फार काही करू शकत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर एकाच शॉटमध्ये रंग बदलतो आणि ते निस्तरणं महाकंटाळवाणं असतं. दिव्यांना साधारण ३२०० आणि दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्विन धरा, लॉक करा, मग हवं तर थोडं इकडेतिकडे.

वरखाली काळ्या पट्ट्या टाकल्या की सिनेमासारखं वाटतं ना?

पट्ट्यांसारखं वाटतं. १६:९ मध्ये (फ्रेमच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) शूट करून नंतर कापलं तर डोकी आणि हनुवट्या जातात. रुंद फ्रेम हवी असेल तर मॉनिटरवर चिकटपट्टी लावून तेवढ्यातच फ्रेम करा. चाळीच्या अरुंद खोलीला आणि दाराच्या चौकटीला खरं तर ४:३ जास्त शोभतं. एकदा करून बघा.

गाइडना किंवा पैसे देणाऱ्या काकांना फिल्म कशी दिसेल हे कसं सांगू?

सांगू नका, दाखवा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित केली आणि ती चिमुकली फिल्म भांडवल मिळवण्यासाठी लोकांना दाखवली. तुमच्याकडे तर फोन आहे. त्या खोलीतला, त्या वेळेचा, मित्राला उभं करून घेतलेला अर्ध्या मिनिटाचा एक टेस्ट शॉट तीस पानांच्या लुक बुकपेक्षा (फिल्म कशी दिसेल ते सांगणाऱ्या चित्रांच्या वहीपेक्षा) जास्त काम करतो. गोळा केलेली परदेशी सिनेमांची चित्रं शेवटी जोडा, तीही पाच-सहाच.

परवानग्या कुठे लागतात?

चाळ किंवा सोसायटी असेल तर सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्या आणि मजल्यावरच्या सगळ्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. एसटी स्टँड, रेल्वे आणि मेट्रो स्टेशनवर 'दोनच मिनिटं' म्हणून घुसू नका. शनिवारवाडा किंवा रायगडसारखी स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तिथली परवानगी वेळ खाते. सगळीकडे कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र बरोबर असू द्या. परवानगीची खात्री नसलेला शॉट फिल्मचा कणा असेल, तर आत्ताच दुसरा विचार करून ठेवा.

टायटल आणि सबटायटलचा विचार शूटच्या आधी करायचा?

हो. इंग्रजी सबटायटल फ्रेमच्या खालच्या पट्टीत येतात. आजीचे हात नेमके तिथेच असतील तर अक्षरं पिठात बुडतील. दुसरा शॉट म्हणून थोडा सैल ठेवायचा, खाली जागा सोडून.

मराठी टायटलमध्ये जोडाक्षरं आणि रफार फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची सेटिंग शोधा. नाहीच जमलं तर टायटल दुसरीकडे नीट टाइप करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा. 'मुक्ता' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. सगळ्यांची नावं एकदा मोठ्याने वाचून घ्या, आणि ज्यांच्या घरात शूट केलं त्यांचं नाव त्यांनाच विचारून लिहा.